गेटवर उभ्या गाडीचे तास कोण मोजणार?

गाडीवाला_सावर्डे · सकाळी ११.२०

परवा 'पर्वरीहून' यांनी इथे लिहिलं की गोव्यातल्या ट्रकवाल्यांनी रडगाणं बंद करावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ॲपवर लोड मिळतो, दलालाची कटकट गेली, जीएसटीमुळे हद्दीवरचे नाके गेले, जीपीएसमुळे चोऱ्या थांबल्या, आणि ज्याला हे जमत नाही त्यानं गाडी विकून मोकळं व्हावं. शेवटचं वाक्य मनाला लागलं. तरी दोन दिवस गप्प बसलो. आज सकाळी जे घडलं आणि अजून घडतंच आहे, ते बघून लिहायला घेतलंय.

माझी बाराचाकी काल दुपारी वेर्ण्याला माल भरून अनमोडमार्गे निघाली. माल पुण्याजवळच्या एका मोठ्या गोदामात उतरवायचा आहे. ॲपनं दिलेली वेळ आज सकाळी आठ ते नऊ. चालक सव्वासातला गेटसमोर हजर. माझ्या फोनवर निळा ठिपका दिसतोय, गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. आता अकरा वाजून गेले, ठिपका तसूभर हललेला नाही. आणि ॲपवर लाल अक्षरांत आलंय, 'उशीर २ तास'.

उशीर कोणाचा? माझा!

हे कसं होतं ते सांगतो, कारण ज्यांनी कधी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात धरली नाही त्यांना हे ठाऊक नसणार. गाडी पोहोचली असं ॲप केव्हा मानतं? गेटवरचा वॉचमन चालकाच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करेल तेव्हा. वॉचमन स्कॅन करत नाही. आतला डॉक, म्हणजे माल उतरवायची जागा, रिकामा होईपर्यंत स्कॅन करायचा नाही असा त्याला हुकूम आहे. का? स्कॅन झाला की गोदामाचं घड्याळ सुरू होतं, गाडी आत आल्यापासून किती वेळात खाली केली याचं. त्यांना आपला आकडा चांगला दाखवायचा असतो. म्हणून माझी गाडी जितका वेळ बाहेर तितका त्यांचा आकडा झकास, आणि माझं रेटिंग खाली. रेटिंग खाली गेलं की पुढचा चांगला लोड दुसऱ्याला दाखवतात. गाडीत जीपीएस आहे, ती गेटवर कधी आली हे त्याच ॲपला मिनिटासकट माहीत आहे. पण ती नोंद हिशेबात धरत नाहीत.

आता रडगाण्याचं. मी २०१० मध्ये कर्ज काढून टिपर घेतला, सावर्डे-कुडचडे पट्ट्यात खनिज वाहायला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. २०१५ मध्ये मिळेल त्या भावाला टिपर विकला आणि बाहेरच्या मालाची गाडी घेतली. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा गावात दारोदारी गाड्या ताडपत्रीखाली उभ्या होत्या, माझी मात्र रस्त्यावर होती. फास्टॅग लावला, माल नेताना काढायचं ऑनलाइन ई-वे बिल शिकलो, ॲप शिकलो. मला बदल शिकवायची गरज नाही. गाडी दिवसभर उभी राहिली की हप्ता, विमा, चालकाचा भत्ता मिळून माझे सव्वातीन हजार जातात, आणि परतीचं भाडं हुकलं तर ते वेगळं. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे पैसे, मागितलं की सांगतात, 'सिस्टीममध्ये तुमचीच गाडी लेट आहे.'

माझी मागणी एकच आहे. जीपीएसनं गाडी गेटवर दाखवली की तिथपासून घड्याळ सुरू करा. आमचा उशीर मोजताय तर त्यांचाही मोजा.

पर्वरीहून · सकाळी ११.५५

माझा रोख तुमच्यावर नव्हता, तरी अंगावर घेतलंत म्हणून उत्तर देतो.

मी याच धंद्याला सॉफ्टवेअर पुरवतो, तेव्हा बिल्टी हातात धरली नाही हे चूक. स्कॅनची अट कशामुळे आली तेही ऐका. पूर्वी चालक धाब्यावर झोपायचा आणि फोनवर 'गेटवरच आहे साहेब' म्हणायचा. जीपीएसचा ठिपकाही पुरेसा नसतो, कारण गोदामाभोवतीच्या वर्तुळात धाबा, पंप, पार्किंग सगळंच येतं. म्हणून माणसानं डोळ्यांनी बघून स्कॅन करायचं ठरलं. पद्धत बरोबर आहे, वॉचमन ती चुकीची वापरतोय. त्याचा राग तंत्रज्ञानावर काढू नका.

आणि पूर्वीचं तुम्ही विसरलात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला, मोल्याला, पोळ्याला काय रांगा असायच्या? माझ्या भावाचा फर्निचरचा माल २०१६ मध्ये एका नाक्यावर एका शिक्क्यासाठी दोन दिवस अडकला होता, वरून पाऊस, प्लायवूड फुगलं. तो नाका आज आहे का? जगात बघा. रॉटरडॅमला १९९३ पासून बंदरात चालकाविना गाड्या कंटेनर वाहतात, आणि आपण अजून वॉचमनवर भांडतोय.

गाडीवाला_सावर्डे · दुपारी १२.१०

नाके गेले, मान्य. त्यासाठी मी कधी कुरकुर केलेली नाही. पण रांग गेली कुठे? नाक्यावरून उठली आणि गोदामाच्या गेटवर आली. नाक्यावर निदान शिपायाशी बोलता यायचं. इथे वॉचमन सांगतो ॲपला विचारा, आणि ॲपवर तक्रार टाकली की चोवीस तासांत उत्तर देऊ असा मेसेज येतो. गाडी अजून बाहेरच आहे.

धक्का_नंबर_नऊ · दुपारी १२.४५

रॉटरडॅम सांगणाऱ्यांनी मुरगाव बंदरही बघावं, जवळच आहे.

मी नऊ नंबरच्या धक्क्यावर, मेकॅनिकल ओर हँडलिंग प्लांटवर ३१ वर्षं काढली. बार्जमधून ग्रॅबनं खनिज उचलायचं, ते पट्ट्यावरून ढिगावर, ढिगावरून रिक्लेमरनं, म्हणजे ढीग उपसायच्या यंत्रानं, पुन्हा पट्ट्यावर आणि तिथून जहाजाच्या पोटात. माझ्या वडिलांच्या वेळी हेच काम डोक्यावर पाट्या घेऊन व्हायचं. त्यांच्या मानेचा मणका कायमचा गेला. तेव्हा यंत्र वाईट असं मी म्हणणार नाही, वडिलांची शपथ.

पण यंत्र आलं तेव्हा जी माणसं कमी झाली त्यांना दुसरीकडे सामावून घेऊ असं तोंडी सांगितलेलं. तोंडीच राहिलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन दिवस बंदरं बंद पाडली, पगारासाठी आणि यंत्रांच्या प्रश्नावर. पुढच्या सहा वर्षांच्या करारात त्यांनी कामाचं संरक्षण लेखी घेतलं. त्यांना यंत्र कळत नव्हतं म्हणून नव्हे, तर चांगलं कळत होतं म्हणून. सावर्डेच्या बाबाचं म्हणणं तेच आहे, जे काय ते कागदावर आणा.

दुसरं, बंदराला लागून असलेल्या वास्कोत आजही खिडकी पुसली की फडका काळा होतो. कोळसा हाताळायला एवढी यंत्रं आली, धूळ बसवायला नाही आली. त्यावरही कोणी सॉफ्टवेअर काढावं.

वेर्णा_गोदाम · दुपारी १.३५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, म्हणून तुटक वाटेल.

मी औषधांच्या गोदामात आहे, सात वर्षं. आधी माल लावणं, काढणं सगळं हमालांचं काम होतं, बाई आत दिसायची ती फक्त झाडायला. बारकोड आला, हातात स्कॅनर आला, आणि रॅकवर कुठे काय आहे हे पाठ असणाऱ्या एका माणसावर सगळं अवलंबून राहिलं नाही. म्हणून माझ्यासारख्या अकरा जणी आत आलो. केरळात विळिंजमच्या बंदरात, जे मे २०२५ मध्ये रीतसर सुरू झालं, यार्डातल्या क्रेन बायका लांबच्या खोलीत बसून चालवतात. काका, तुमच्या वेळी हे झालं असतं का? त्यामुळे सरसकट यंत्राविरुद्ध कोणी बोललं की मला राग येतो.

पण गेटच्या बाबतीत गाडीवाले दादा खरं बोलतायत. आतल्या माणसानं सांगितलेलं बरं. आमच्याकडे थंड ठेवायच्या औषधांच्या खोक्यात डेटा लॉगर असतो. काडेपेटीएवढा, वर बारीक दिवा, दर काही मिनिटांनी तापमान टिपतो. २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं की दिवा लाल. खोकं उघडून आलेख काढला की गाडी घाटात असताना रेघ सरळ असते. रेघ चढते ती गाडी उभी असताना, कारण इंजिन बंद, दार उघड-मीट, वर ऊन. मी असे कितीतरी आलेख पाहिलेत. चढाव दिसला की प्रश्न वाहतूकदाराला विचारतात. गाडी त्या वेळी कोणाच्या गेटवर होती हे विचारत नाहीत.

मडगावची_मासळी · दुपारी २.०५

वेर्ण्याच्या बाय, हा लॉगर माशांच्या गाडीत का नाही लावत? औषधाला एवढी काळजी, आणि आपण रोज जेवतो त्याला काहीच नाही?

माझी आई मडगावच्या बाजारात तीस वर्षं मासे विकते. जुलै २०१८ ला बाहेरच्या माशांना टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात असं प्रकरण झालं तेव्हा बारा दिवस तिच्या पाटीला कोणी हात लावला नाही. तिची मासळी इथल्याच रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, बर्फसुद्धा समोर फोडलेला. गिऱ्हाईक यायचं, लांबूनच बघायचं आणि चिकन घ्यायला जायचं. आई अंगठ्यानं कल्ले वर करून दाखवायची, बघा लाल आहेत म्हणून. कोणी वाकूनसुद्धा बघितलं नाही. संध्याकाळी पाटी तशीच घरी. दुसऱ्याच्या गाडीचं पाप तिनं फेडलं. तेव्हा प्रत्येक गाडीत नोंद असती तर कुठली गाडी कशी आली ते कळलं असतं ना?

काणकोणचा_दुचाकीस्वार · दुपारी २.२०

माशांच्या गाड्यांचा विषय काढलाच आहे तर माझंही ऐका. पोळ्याहून मडगावपर्यंत या गाड्या खारट, बुळबुळीत पाणी सांडत येतात. मागच्या वर्षी वळणावर माझी स्कूटर त्यावरून घसरली, मनगट मोडलं, प्लेट बसवली, अजून पिळा मारता येत नाही. गाडीखाली पाणी साठवायची टाकी असायला हवी हे सगळ्यांना माहीत आहे. टाकी असते, तोटी उघडी असते. रात्री कोण बघतो? तोटी उघडली की सूचना जाईल असा सेन्सर दोन-चार हजारांत बसेल. दहा मिनिटांत सामान दारात आणणारी ॲपं आहेत आणि हे नाही.

पर्वरीहून · दुपारी २.४०

हेच तर मी म्हणत होतो! नोंद हवी, सेन्सर हवा. आता सगळे माझ्याच बाजूला आलात. २०१८ नंतर बाहेरून मासे आणणाऱ्यांना एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडी सक्तीची केली, त्यातच लॉगर घातला असता तर काम झालं असतं. आणि मासळीवाल्या बाय, माफ करा, पण कल्ले बघून मासा ओळखायचे दिवस गेले. अंगठ्याला फॉर्मेलिन कळत नाही.

मडगावची_मासळी · दुपारी २.५५

माझ्या आईच्या अंगठ्याबद्दल तुम्ही बोलू नका. त्या अंगठ्यानं आम्ही तीन भावंडं शिकलो. फॉर्मेलिन अंगठ्याला कळत नाही हे तिलाही माहीत आहे, म्हणून तर मी यंत्र मागतेय. पण बर्फाविना राहिलेला बांगडा तुमच्या गाडीतल्या लॉगरला कळेल का? लॉगर हवा मोजणार. वरचा थर थंड, खाली पाटीच्या तळाला बर्फ वितळून गेलेला. आई तळातला मासा उचलते, वरचा नाही. पोट दाबते. तुमच्या पर्वरीत बसून हे कळणार नाही.

पर्वरीहून · दुपारी ३.०५

पर्वरीत बसून, एसीत बसून, हे जरा पुरे करा. मी गावचा आहे, मासे मीही बाजारातूनच आणतो. एका बाजूनं यंत्र द्या म्हणता, दुसऱ्या बाजूनं यंत्राला कळत नाही म्हणता. काहीतरी एक ठरवा.

काणकोणचा_दुचाकीस्वार · दुपारी ३.१५

आणि टाकीच्या तोटीचं काय? त्यावर कोणीच बोलत नाही.

वेर्णा_गोदाम · दुपारी ४.१०

दोघेही बरोबर आहात आणि दोघेही उगाच चिडलाय. मी मायक्रोबायॉलॉजी केलंय, म्हणून सांगते.

बांगडा, तारली, कुपा हे मासे नीट थंड ठेवले नाहीत तर जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज येते, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मला बांगड्याची ॲलर्जी आहे. प्रत्येक वेळी ती ॲलर्जी नसते, गाडीत बर्फ कमी पडलेला असतो. आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ घालावा असं शिकवतात. म्हणून मासळीबाय म्हणते ते खरं, हवेचं तापमान पुरत नाही, सुई माशाच्या मांसात टोचावी लागते. आम्हीही औषधांच्या खोक्यात लॉगर मधोमध ठेवतो, दारापाशी नाही. आणि फॉर्मेलिनसाठी लॉगरचा काही उपयोग नाही, हे पर्वरीच्या दादांना सांगायला हवं. तापमानाची रेघ एकदम सुरेख असेल आणि माशात फॉर्मेलिन असेल. त्यासाठी कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं कागदाची पट्टी काढलेली आहे. माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा. काही मिनिटांचं काम.

पण ती पट्टी कोणाच्या हातात असावी? माझ्या मते मासळीबायच्या आईच्या हातात असावी. फक्त तपासनीस येईल तेव्हा नको.

मडगावची_मासळी · संध्याकाळी ४.२५

हे पटलं. आलेख घाऊकवाल्याच्या फोनवर राहणार असेल तर आईला त्याचा काय उपयोग? रात्री दोनला गाडी येते, पाट्या लिलावात जातात, सकाळी गिऱ्हाईक जाब विचारतं ते तिला. नोंद तिलाही दिसली पाहिजे. गिऱ्हाईकाला दाखवता आली पाहिजे.

आणि १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे ट्रॉलरबंदी. त्या दोन महिन्यांत जास्त भिस्त बाहेरच्या गाड्यांवर. निदान तेव्हा तरी सुरू करा.

करसल्लागार_फोंडा · संध्याकाळी ४.५०

मासे झाले असतील तर मूळ विषयावर येतो.

ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. वेर्णा ते पुणे धरलं तर तीन दिवस, म्हणजे आज गाडीवाल्यांना त्याची भीती नाही. पण पावसात अनमोड घाटात दरड आली आणि चोर्ला घाटात जड गाड्या बंद केल्या की बेळगावसाठी काढलेलं एका दिवसाचं बिल वाटेतच संपतं. मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा नंतर वाढवता येते, घाटात मात्र नेटवर्क नसतं. माझ्या एका अशिलाची गाडी घाटापलीकडे पकडली, कराच्या दुप्पट दंड मागितला. गाडी चार दिवस उभी. जानेवारी २०२२ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं महसूल खात्याचं अपील फेटाळलं आणि वर खर्च बसवला. तिथे रस्ता अडल्यामुळे मुदत संपली होती आणि कर बुडवायचा हेतू कुठेच दिसत नव्हता. तो निकाल दाखवून आम्ही सुटलो. पर्वरीचे गृहस्थ म्हणतात नाके गेले. एका ठिकाणचा नाका गेला, आता वाटेत कुठेही गाडी थांबवून तपासतात.

गाडीवाल्यांना व्यवहाराचा सल्ला. बिल्टीवर पोहोचल्याची आणि खाली झाल्याची वेळ लिहायला दोन रकाने छापून घ्या आणि करारात हॉल्टिंगचं कलम घाला, किती तासांनंतर, किती रुपये. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघुउद्योग कायद्यानं ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्याला व्याज लागतं. पण कलमच नसेल तर मागणार कशावर?

डिचोलीचा_वाचक · संध्याकाळी ५.०५

ही सगळी ॲपं इंग्रजीत किंवा हिंदीत. माझा चालक मराठी चौथी शिकलेला, हुशार माणूस. 'स्लॉट रीशेड्यूल्ड' असं आलं ते त्याला कळलं नाही, वेळ चुकली, दंड माझ्या भाड्यातून कापला. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून मराठी-कोकणीवरून आम्ही भांडत बसलो आणि चालकाच्या फोनवर दोन्ही नाहीत. मराठी द्या नाहीतर कोकणी द्या, पण त्याला कळेल असं काहीतरी द्या.

गाडीवाला_सावर्डे · संध्याकाळी ५.३०

सल्लागार साहेब, कलम घालायला करार आपल्या हातात लागतो. ॲपवर 'मान्य आहे' दाबलं नाही तर लोडच दिसत नाही.

साडेपाच वाजले. दहा तास. चालकाला गेटच्या आतल्या शौचालयात सोडत नाहीत, म्हणे स्कॅन झालेला नाही म्हणून तो आत येऊ शकत नाही. वयानं पन्नाशीचा माणूस, साखरेचा त्रास आहे, कुठे जाणार? समोरच्या पंपावर विचारून आला. गाडी सोडून जेवायला जायची सोय नाही, नंबर लागला आणि चालक नसला तर रांगेत शेवटी. सकाळपासून दोन वडापाव आणि पाणी. आणि हा माणूस ॲपवर कसा दिसतो? 'उशीर ८ तास'. जे लोक गाडी विकून मोकळं व्हा म्हणतात त्यांनी एक दिवस, एकच दिवस, त्या केबिनमध्ये बसून दाखवावं. २०२५ पासून नवीन बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलं झालं. माझी गाडी त्याआधीची आहे.

कोकण रेल्वेनं १९९९ मध्ये रोरो आणलं तेव्हा आम्ही विरोध केला होता का? कोलाडला गाडी वॅगनवर चढवायची, चाकांना अडसर, साखळ्या, की झालं. चालक रात्रभर आपल्याच केबिनमध्ये झोपून वेर्ण्याला ताजातवाना उतरतो. त्याला घाट नाही, डिझेल नाही. नव्या झुआरी पुलाचा पहिला भाग २०२२ च्या डिसेंबरअखेर खुला झाला, त्याआधी आम्ही जड गाड्या बोरीच्या पुलावरून फिरवत होतो. त्या पुलानं आमचे जितके तास वाचवले तितके कुठल्याच ॲपनं वाचवले नाहीत. ज्यानं चालकाची पाठ वाचते ते आम्ही त्याच दिवशी स्वीकारतो.

पर्वरीहून · संध्याकाळी ६.२०

'गाडी विकून मोकळं व्हावं' हे वाक्य मी मागे घेतो. रागात लिहिलं होतं. माझं एक कंत्राट एका संघटनेनं अडवलं होतं, स्थानिक गाड्याच घ्या म्हणून. चार दिवस माल पडून होता. तो राग तुमच्यावर निघाला, तुमचा त्यात संबंध नव्हता.

बाकी मी अजून मानतो की वर्तुळावरून घड्याळ सुरू केलं तर लोक त्याचा गैरफायदा घेतील. पहाटे चारला गाडी आणून लावायची आणि चारपासून हॉल्टिंग मागायचं, असं होईल. मात्र दिलेल्या वेळेच्या सुरुवातीपासून मोजलं, म्हणजे तुमच्या बाबतीत आठपासून, आणि जीपीएसनं गाडी गेटपासून शंभर मीटरच्या आत दाखवली, तर गोदामाला नाही म्हणायला जागा राहत नाही. हे करणं अवघड नाही. दोन ओळींचा बदल आहे. केला जात नाही, कारण ॲपचे पैसे गोदामवाला देतो, गाडीवाला देत नाही. हे मला कबूल करावं लागतंय. माझ्या हातातल्या एका कामात मी ते घालून बघतो. मालकाला पटेल याची हमी देत नाही.

धक्का_नंबर_नऊ · संध्याकाळी ६.४०

लेखी द्या.

पर्वरीहून · संध्याकाळी ६.४५

काका, इथे लिहिलं ते लेखीच आहे. आणखी काय देऊ?

वेर्णा_गोदाम · रात्री ८.१५

घरी पोहोचले. निघताना आमच्या गेटचं रजिस्टर बघितलं. आत आल्याची वेळ आहे, बाहेर गेल्याची आहे, गाडी गेटवर येऊन उभी राहिली त्याचा रकानाच नाही. सात वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. उद्या सुपरवायझरशी बोलते. गेटबाहेर पाण्याचा नळ आणि आतलं शौचालय चालकांना उघडं करणं, याला तर कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही, तेही बोलते.

काणकोणचा_दुचाकीस्वार · रात्री ८.३०

ताई, माशांच्या टाकीची तोटी कोणाकडे बोलायची तेही विचारून ठेवा.

मडगावची_मासळी · रात्री ८.५०

त्याची तक्रार आमच्या बाजारातही आहे. पहाटे पाट्या उतरतात तिथे पायाखाली तेच पाणी असतं, आई दोनदा पडलीय. लिहून काढू, दोघांच्या सह्या घालू.

गाडीवाला_सावर्डे · रात्री १०.०५

९.४० ला गाडी आत घेतली. चौदा तास पंचवीस मिनिटं. बिल्टीवर पोहोचल्याची वेळ चालकानं स्वतःच्या हातानं लिहिली, ७.१५, आणि सही मागितली. गोदामाच्या माणसानं ७.१५ वर रेघ मारून ९.४० लिहिलं आणि मग सही केली. चालकानं फोटो पाठवलाय. रेघेखालचा आकडा वाचता येतो.